पडद्याच्या कोपऱ्यातलं नाव

वडसा गावात जुबेर शेखला पसंत पडेल अशी एकही गोष्ट नव्हती, एक जुबेर शेख सोडून. राइस मिलचा कोंडा नाकात जातो म्हणून गिरण्या वाईट. स्टेशनावर गाडी थांबते, पण उतरतो तो वडशाचाच माणूस, म्हणून स्टेशन वाईट. आणि नाटकांचं तर त्याच्यापुढे नावच काढायची सोय नव्हती. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोलीकडच्या ह्या जंगलपट्ट्यात, गावोगाव नाटकं चालतात आणि त्या सगळ्या कंपन्यांचा बाजार वडशात भरतो. कंपनी म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, एक टेलिफोन आणि भिंतीवर दात दाखवणाऱ्या नट्यांचे फोटो. गावोगावचे मंडळवाले तिथे येऊन नाटक ठरवून जात. जुबेर आपल्या दुकानाच्या पायरीवरून रस्त्यापलीकडची ही गर्दी बघे आणि थुंके.

गंमत अशी की त्याचं पोट त्या नाटकांवरच चालत होतं. नाटकाची हँडबिलं, पोस्टरं, तिकिटं, सगळी त्याच्या ‘शेख कॉम्प्युटर्स’मध्ये तयार होत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे जगात पुष्कळ असतात. जुबेर वासे मोजून शिवाय त्यांतला कुठला कुजका आहे तेही गिऱ्हाइकाला सांगे. ‘रक्ताळलेलं कुंकू’ असं नाव घेऊन कोणी आला की तो म्हणे, “मागच्या साली ‘कुंकवाचं रक्त’ होतं. दोन शब्द आहेत तुमच्यापाशी. उलटेसुलटे करून राह्यले.” गिऱ्हाईक हसे. दुसरा कॉम्प्युटरवाला गावात अजून आला नव्हता, म्हणून हसे.

त्याचे वडील कय्यूमभाई पडदे रंगवत. महाल, बाग, गल्ली, पाटलाचा वाडा आणि जंगल. अर्ध्या झाडीपट्टीच्या रंगमंचावर त्यांचं जंगल टांगलेलं असे. जंगलात राहणाऱ्या माणसांना जंगलाचाच पडदा दाखवायचा आणि त्यांनी तो आ वासून बघायचा, यावर जुबेरने लहानपणापासून फार विनोद करून झाले होते. कय्यूमभाईंची एक रीत होती. पडदा पुरा झाला, वाळला, कंपनीच्या ताब्यात गेला, तरी त्यावर ते आपलं नाव घालत नसत. कच्च्या खेळाहून, म्हणजे नाटकाच्या पहिल्या चाचणीच्या प्रयोगाहून, पडदा परत आला, बघणाऱ्यांना तो लागू पडला असं कळलं, की मगच खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक ब्रशाने ‘पेंटर कय्यूम, वडसा’ एवढी अक्षरं उमटत. जुबेरला हेही हास्यास्पद वाटे. शेंगा खाणाऱ्या लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर नाव लिहायचं, आणि तेही त्यांची परवानगी घेऊन.

आपलं नाव कुठे लिहिलं जावं हे जुबेरचं ठरलेलं होतं. तो नागपूरला इंजिनिअरिंगला होता आणि तिसऱ्या वर्षी परत आला होता. नापास झाला असं गाव म्हणे; तपासणाऱ्यांची लायकी नव्हती असं तो म्हणे. येताना तो एका मासिकासोबत फुकट मिळालेली लिनक्सची सीडी घेऊन आला. विंडोजवर पोस्टरं करायची आणि उरलेल्या वेळात त्याच मशीनवर लिनक्स उघडून बसायचं, असा त्याचा दिवस जाऊ लागला. लिनक्स कोणा एका कंपनीचं नव्हतं. जगभरातली माणसं ते लिहीत, एकमेकांना पाठवत, आणि ज्याचं काम पसंत पडे त्याचं नाव त्या कामाच्या माथ्यावर कायमचं राही. फिनलंडात बघा, ब्राझीलमध्ये बघा, तेच नाव. जुबेरला ते नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

त्यासाठी त्याने एक अडलेलं काम हेरलं. डिस्कवर कुठली फाईल कुठे ठेवली आहे याचा ठावठिकाणा लिहून ठेवायची प्रत्येक सिस्टीमची आपली रीत असते. विंडोजची रीत लिनक्सवाल्यांना कोणी सांगितलेली नव्हती. त्यांनी ती बाहेरून चाचपून अर्धीमुर्धी ओळखली होती. त्यामुळे लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, विंडोजच्या डिस्कसाठी जो ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी व्यवहार करणारा प्रोग्रॅम, होता, त्याला तिथल्या फायली फक्त वाचता येत. परक्या घरात शिरून बघता येई, पण चमचा इकडचा तिकडे करता येत नसे. जुबेर पोस्टर विंडोजवर करी, दुरुस्ती लिनक्समध्ये बसलेला असताना सुचे, आणि प्रत्येक वेळी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागे. तो म्हणाला, या ड्रायव्हरला लिहायला मी शिकवतो.

आणि शिकवलं. हे मात्र खरं. तो आळशी नव्हता, बिनडोकही नव्हता. अति शहाणा होता, आणि अति शहाण्याचा बैल रिकामाच राहतो हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याचा बैल काढला असता. उन्हाळाभर दुकानाचं शटर अर्धं ओढून तो बसला. जुन्या भंगारातल्या एका छोट्या डिस्कवर त्याने आपला ड्रायव्हर लावला, लिनक्समधून एक फाईल लिहिली, विंडोज उघडून पाहिली. फाईल होती. वाचता येत होती. बदलली, तरी टिकली. त्या दिवशी त्याने स्वतःला स्टेशनासमोरची लस्सी पाजली.

मग त्याने आपलं काम मेलने त्या ड्रायव्हरची देखरेख करणाऱ्या माणसाला पाठवलं. हा माणूस समुद्रापलीकडचा. जुबेर त्याला घरात ‘गोरा’ म्हणे. गोऱ्याचं उत्तर सभ्य आणि कोरडं होतं. काम चांगलं दिसतं, त्याने लिहिलं. पण लिहिणारा ड्रायव्हर चुकला तर माणसाचं सगळं जातं. तेव्हा दोन गोष्टी लागतील. एक, याच्यावर ठळक लिहायचं की हे एक्सपेरिमेंटल आहे, भरवशाचं नाही, जिची किंमत आहे अशा डिस्कवर वापरू नका. आणि दुसरी, रोजच्या वापरातल्या एखाद्या डिस्कवर, ज्या माणसाला हे काय आहे ते समजावून दिलं आहे आणि ज्याने आपल्या फायली आधी दुसरीकडे काढून ठेवल्या आहेत अशा माणसाकडे, हे काही आठवडे चालवून बघायचं आणि काय झालं ते कळवायचं. मगच चाचणीच्या आवृत्तीत घेतो, तुझ्या नावानिशी.

“भित्री जात,” जुबेर अब्बांना म्हणाला. “स्वतःले लिहिता आलं नाई एवढी वर्सं, अन मले म्हणते भरवशाचं नाई म्हणून पाटी लाव.”

“मंग लाव ना,” कय्यूमभाई म्हणाले. ते बागेच्या पडद्यावर कारंजं काढत होते. “पाटी लावल्यानं काय हात मोडते?”

जुबेरने पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात वेळ घालवला नाही. पाटी लावली. पण रोजच्या वापरातली डिस्क आणायची कुठून, हा प्रश्न उरला. त्याच्या स्वतःच्या मशीनवर सगळ्या सिझनची पोस्टरं होती. तिथे लावायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि का आलं नाही हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

उत्तर त्याला वडशाच्याच एका जुन्या चालीत सापडलं. नवीन नाटक बसलं की कंपन्या ते एकदम वडशात किंवा ब्रह्मपुरीत उभं करत नसत. आधी कुरखेड्याच्या बाजूला जंगलातलं एखादं गाव गाठत आणि तिथे दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात, तिकीट न लावता एक खेळ करत. त्याला कच्चा खेळ म्हणत. जुबेर लहानपणी अब्बांबरोबर अशा खेळांना गेला होता. वडशाचे प्रेक्षक म्हणजे शिट्ट्या, आरडाओरडा, वेळ पडली तर चपलाही. आणि ह्या जंगलातल्या गावांची माणसं गप्प बसून बघत, आवडो न आवडो. जुबेरने तेव्हाच निष्कर्ष काढून ठेवला होता: बिघडलं तरी ज्यांना कळत नाही, कळलं तरी जे बोलत नाहीत, त्यांच्यापुढे कच्चं वाढायचं. चाल म्हणून बरी आहे.

तेवढ्यात पावसाळ्याच्या तोंडी कोसमटोल्याची रंजीता दुकानात आली. कोसमटोला म्हणजे कुरखेड्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढचं गाव. रंजीता तिथली बालवाडी चालवे. कुठल्याशा संस्थेने गावाला एक जुना कॉम्प्युटर दिला होता आणि तो हाताळणारी गावात ती एकटीच होती. मशीनचा डबा जुन्या लुगड्यात बांधून, मांडीवर धरून ती एस.टी.ने आली होती.

“लय हळू चालून राह्यला जी,” ती म्हणाली. “व्हायरस आहे म्हणते.”

“काय करतेस ह्याच्यावर? पत्ते खेळतेस?”

“नाटक लिहून राह्यलो आमी.” ती जराशी हसली. “गोंडीत. सारं गाव बसते, कोनी हे सांगते, कोनी ते सांगते, मी टाईप करतो. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते ना, त्या मंडईले करू म्हणतो यंदा. पुरं झालं का तुमच्याच इथी छापाले आणीन.”

जुबेरला मराठीतली नाटकं पचत नव्हती, आता गोंडीत. पण त्याच क्षणी त्याला कळलं की रोज वाढत जाणाऱ्या फायलींची, रोज वापरातली डिस्क स्वतःच्या पायांनी चालत आली आहे. तो एकाएकी गोड झाला. त्याने तिला चहा मागवला. दोन दिवसांनी ये म्हणाला, व्हायरस काढला, आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकलं, त्यात आपला ड्रायव्हर. देवनागरी टाईप करायची सोयही करून दिली. फायली होत्या तिथेच, विंडोजच्या जागेत ठेवल्या, म्हणजे तिने लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या ड्रायव्हरच्या हातून डिस्कवर जावं.

“ह्यात लिहीत जा,” तो म्हणाला. “ह्याले व्हायरस लागत नाई.”

“भरवशाचं आहे ना?”

“जगात चालते हे,” जुबेर म्हणाला. ते लिनक्सबद्दल खरं होतं. ड्रायव्हरबद्दल तिने विचारलं नव्हतं, कारण ड्रायव्हर नावाची वस्तू आत बसली आहे हे तिला माहीतच नव्हतं. फायली दुसरीकडे काढून ठेव, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं. त्या वाक्याने ती घाबरली असती आणि डबा पुन्हा लुगड्यात बांधून गडचिरोलीला गेली असती. म्हणून त्याने ते सांगितलं नाही. दुरुस्तीचे पैसेही घेतले नाहीत, आणि या उदारपणावर तो स्वतःच खूश झाला.

आषाढ गेला, श्रावण गेला. कोसमटोल्याहून तक्रार आली नाही. पोळ्याच्या सुमारास रंजीता वडशाच्या बाजारात त्याला लांबून दिसली. तिने मान हलवली आणि पुढे गेली. नाटक छापायला काही ती आली नाही. जुबेरला त्याचं नवल वाटलं नाही. ह्या लोकांचं असंच, तो अब्बांना म्हणाला, सुरू करतात आणि सोडून देतात. आणि त्याने गोऱ्याला मेल लिहिली: गावातल्या एका मशीनवर, रोजच्या वापरात, कित्येक आठवडे चाललं. वापरणाऱ्याला सगळी कल्पना होती. एकही तक्रार नाही.

दसऱ्याच्या आधी चाचणीची आवृत्ती आली. ड्रायव्हरच्या फाईलच्या माथ्यावर ओळ होती: लिहिण्याची सोय, जुबेर शेख, वडसा. जुबेरने ते पान छापलं, मोठ्या अक्षरात, पोस्टरच्या जाड कागदावर. घरी नेऊन त्याने ते अब्बांपुढे धरलं. आई शमीमबी ओढणीला हात पुसत आली, तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पोराच्या डोक्यावरूनही फिरवलं.

कय्यूमभाईंनी इंग्रजीतलं आपल्या गावाचं नाव ओळखलं. त्यांना बरं वाटलं, ते लपलं नाही. मग त्यांनी धंद्यातला माणूस विचारतो तसं विचारलं, “कच्चा खेळ कुठी केला?”

“कोसमटोल्यात,” जुबेर हसून म्हणाला. त्याला हा विनोद अब्बांना कळेल असं वाटलं.

“सांगून केला ना?”

“त्याईले काय सांगाचं अब्बा? सांगून कळणार होतं का?”

कय्यूमभाईंनी पान परत दिलं. “अन मंग कसा झाला? काय म्हनले ते?”

“काहीच नाई म्हनले. एक तक्रार नाई.”

“काहीच नाई?” म्हाताऱ्याने ब्रश पाण्यात ठेवला. जुबेरने ते पान दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर लावलं.

दिवाळी झाली. भैयाजींच्या कंपनीचं नवीन नाटक बसलं होतं. भैयाजी म्हणजे पोट पुढे, पानाची पिंक मागे, आणि डोक्यात अक्कल बेताची, हे जुबेरचं मत. ते त्याने त्यांचंच हँडबिल कंपोझ करताना अनेकांना ऐकवलं होतं. कच्च्या खेळासाठी भैयाजींनी यंदा कोसमटोला धरला. पडदे कय्यूमभाईंचे होते आणि कय्यूमभाईंच्या कमरेत उसण भरली होती. कोणीतरी पडदे टांगायला हवं होतं. जुबेर कुरकुरत ट्रकमध्ये चढला. अब्बा ड्रायव्हरशेजारी उशी घेऊन बसले, कारण कच्चा खेळ त्यांनी आजवर एकही चुकवला नव्हता.

दुपारच्या उन्हात पटांगण भरलं. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, म्हातारी सोमारीबाई सगळ्यांच्या पुढे पोतं टाकून. जुबेर विंगेत पडद्याच्या दोऱ्या धरून उभा. पडदा उघडण्याआधी भैयाजी स्वतः पुढे आले. लहानपणी हे भाषण चालू असताना जुबेर नेहमी मागे नट्यांचा मेकअप बघत असे. त्याने ते आज पहिल्यांदा ऐकलं.

“भावांनो, बायांनो,” भैयाजी हात जोडून म्हणाले, “हा खेळ कच्चा हाये. आमाले मालूम हाये का कच्चा हाये. कुठी बिघडला ते आमाले दिसत नाई, म्हून तुमच्या दारात आनला. नाई आवडला तं उठून जा, आमी रागावनार नाई. पिकला, तं होळीच्या आंदी पुन्हा तुमच्याच गावात येतो, फुकट. अन नाई पिकला, तं कुठीच नाई जात.”

जुबेरला वाटलं, ढोंगी. तरी त्याच्या हातातली दोरी जरा ढिली झाली.

पहिला अंक झाला. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या अंकात नायिकेचा बाप मेला आणि मेल्यावर पाऊण तास बोलला. तेव्हा सोमारीबाई उठली. तिने पोतं झटकलं, घडी घातली, काखेत मारलं आणि चालू लागली. तिच्यामागून दोन बाया, मग पुरुषांतला एक कोपरा. आवाज नाही, हातवारे नाहीत. अंक संपेपर्यंत पटांगण निम्मं रिकामं झालं होतं, आणि उरलेले नातेवाईक वाटावेत इतके सौजन्याने बसले होते.

विंगेत भैयाजी ट्रंकेवर बसून लेखकाला सांगत होते, “दुसरा अंक गेला. सोमारीबाई उठली म्हंजे गेला. काढ तो म्हातारा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. कय्यूमभाई त्यांना मान हलवून दुजोरा देत होते.

“काही बोलले नाई ते,” जुबेर म्हणाला.

“अजून काय बोलाचं त्याईनं?” भैयाजी म्हणाले आणि पुन्हा लेखकाकडे वळले.

पोळ्याच्या बाजारातली ती हललेली मान जुबेरला आठवली. दोरी खुंटीला बांधून तो पटांगणात उतरला. रंजीता बालवाडीच्या ओट्यावर सतरंज्या गोळा करत होती.

“कॉम्प्युटर कसा आहे?” त्याने विचारलं.

“मेला जी तो,” ती म्हणाली. सतरंजीची घडी तिने थांबवली नाही. “तुमी देल्यावर थोडे दिवस चालला. मंग पहिला अंक उघडला तं त्यात दुसऱ्या अंकातलं निघे. मंग निघेच ना काही. गडचिरोलीले नेला, त्यानं सारं पुसून देलं.”

पहिल्यात दुसऱ्यातलं निघे. एवढ्यावरून जुबेरला कळलं. ओळसुद्धा कळली. फाईल लहान असली तर तिचा ठावठिकाणा एका जागी मावतो. ती रोज वाढत गेली, तुकड्यातुकड्यांनी डिस्कभर पसरली, की ठावठिकाणा लिहायला आणखी जागा लागते, आणि ती जागा त्याच्या ड्रायव्हरने शेजारच्या फाईलकडून घेतली होती, न विचारता. त्याने भंगारातल्या डिस्कवर दोन-दोन ओळींच्या फायली लिहून पाहिल्या होत्या आणि लस्सी प्यायली होती.

“अन नाटक?”

“गेलं.”

“दुसरीकडे उतरवलं नव्हतं?”

“काऊन उतरवू? तुमीच म्हनले ना, ह्यात लिहीत जा.” तिने सतरंजी ओट्यावर ठेवली. “सोमारीबाई पुन्हा सांगते, पण तेच नाई सांगत. मंडईले नाई झालं मंग.”

“मले सांगतलं काऊन नाई?”

रंजीताने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या बघण्यात राग असता तर जुबेरला तो झेलता आला असता. रागाला तोंड देण्यात त्याची हयात गेली होती. पण ती दुकानात बिघडलेला माल मिळाल्यावर माणूस बघतो तशी बघत होती: कोणत्या दुकानात पुन्हा जायचं नाही ते लक्षात ठेवायला.

“मी पुन्हा टाकून देतो,” तो म्हणाला. “नवीन. फुकट.”

“नको जी,” ती म्हणाली. “तुमी नका हात लावू.” आणि सतरंज्या उचलून आत गेली.

परतीच्या ट्रकमध्ये जुबेर पडद्यांच्या गुंडाळीवर बसला होता. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि सगळ्यात स्वच्छ हे दिसत होतं की कोसमटोल्याची माणसं समुद्रापलीकडे मेल लिहिणार नाहीत. तो गप्प राहिला तर नाव राहील. चाचणीतून पुढे जाईल, पक्क्या आवृत्तीत, जगभर. आणि कुठेतरी ब्राझीलमध्ये कोणाच्या तरी पहिल्या अंकातून दुसरा निघेल. तोही कदाचित उठून निघून जाईल, न बोलता.

हे सगळं करायला त्याला फक्त भैयाजींहून हलका माणूस व्हावं लागणार होतं. पान खाणाऱ्या, दोन शब्दांच्या नाटकवाल्याहून हलका. आयुष्यभर ज्यांच्यावर तो थुंकला त्यांच्यातल्या एकानेही कच्चं पक्कं म्हणून वाढलं नव्हतं. ते काम ह्या अख्ख्या इलाख्यात एकट्या जुबेर शेखने केलं होतं. त्याला स्वतःची किळस आली, आणि ही किळस त्याला फार ओळखीची वाटली, कारण आजवर ती तो दुसऱ्यांसाठी वापरत होता.

त्याने मेल लिहिली. तिच्यात सफाई नव्हती. लिहिलं की डिस्क खराब झाली, एका गावाचं काम गेलं, वापरणाऱ्या बाईला मी काही सांगितलं नव्हतं, तक्रार आली नाही हे खोटं नव्हतं पण मी त्याचा अर्थ खोटा सांगितला. कुठल्या ओळीत चूक आहे तेही लिहिलं. गोऱ्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. लिहिण्याची सोय बंद करतो. यापुढे तुझं काम दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय घेणार नाही.

पुढच्या आवृत्तीत ड्रायव्हर पुन्हा फक्त वाचत होता. माथ्यावरची ओळ गेली. बदलांच्या टिपणात, खाली, बारीक अक्षरात एक नोंद आली: लिहिणं बंद केलं, फायली नष्ट होतात, कळवणारा, जुबेर शेख, वडसा. ते पान त्याने छापलं नाही. भिंतीवरचं जुनं मात्र काढलं, आणि तिथे चिकटपट्टीचे चार डाग उरले.

त्या हिवाळ्यात रस्त्यापलीकडे दुसरं कॉम्प्युटरचं दुकान निघालं. सिझन संपत आला होता, भैयाजींचं नाटक म्हातारा काढल्यावर बरं चाललं होतं आणि कय्यूमभाई जुबेरच्या दुकानाच्या पायरीवर बसून, दुसऱ्या एका कंपनीच्या कच्च्या खेळाहून परत आलेल्या बागेच्या पडद्याच्या कोपऱ्यात आपलं नाव घालत होते. तेव्हा कोसमटोल्याची मंडळी आली. रंजीता, सोबत दोन पुरुष, आणि काठी टेकत सोमारीबाई. रंजीताच्या हातात हाताने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा होता, लुगड्याच्याच तुकड्यात बांधलेला. नाटक छापायला आणलं होतं. जुबेर खुर्चीतून अर्धा उठला.

ते त्याच्या दारावरून गेले. सोमारीबाई कय्यूमभाईंच्या ओल्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली. मग रस्ता ओलांडून सगळे समोरच्या दुकानात शिरले. कोणी इकडे बोट दाखवलं नाही, कोणी पुटपुटलं नाही. जुबेर तसाच अर्धा उभा राहिला.

“गेले काय रे?” अब्बांनी वर न बघता विचारलं.

“गेले.”

“काही म्हनले?”

“नाई.”

कय्यूमभाईंनी ‘वडसा’मधला काना पुरा केला. “ऐकू आलं ना?”

“आलं,” जुबेर म्हणाला आणि पडद्याचं दुसरं टोक धरायला पायरीवर उतरला.